जावयाची अँटेना

आमच्या घरमालकांना मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते पोळ्याच्या दिवशी, मोटारीच्या तोंडाशी पुरणपोळीचा घास धरून उभे असताना. पांढरकवड्याला बदली होऊन मला तेव्हा थोडेच दिवस झाले होते. पंचायत समितीत नोकरी आणि यांच्या माडीवर भाड्याची खोली, एवढाच माझा संसार. जिना उतरून आले तर अंगणातल्या पांढऱ्या मोटारीच्या टपावर झूल, बॉनेटवर घुंगरमाळ, दोन्ही आरशांना बेगड, आणि हे गृहस्थ पंगतीतल्या पाहुण्याला आग्रह करावा तसे तिच्या जाळीपुढे वाकलेले. मी बघतच राहिले. त्यांनी माझ्याकडे न बघताच सांगितलं की बैल पुतण्याकडे गेले, वावरही आता पुतण्याच करतो, पण पोळा काही पुतण्याला दिलेला नाही. मग घास जाळीला टेकवला आणि स्वतः खाऊन टाकला.

मी त्यांना काका म्हणत असे, ते मला मॅडम. घरातसुद्धा मॅडमच. नळाला पाणी आलं तरी जिन्याखालून 'मॅडम, नळ आले' अशी वर्दी यायची. उभी हयात त्यांनी जिनिंगमध्ये ग्रेडर म्हणून काढली होती. शेतकऱ्याने आणलेल्या कापसाची मूठ उचलायची, चिमटीत ओढून धागा बघायचा, दाबून ओलावा बघायचा आणि माल कोणत्या प्रतीचा ते सांगायचं, हे त्यांचं काम. नोकरी संपली, सवय राहिली. चहा, पाहुणे, पुढारी, गल्लीतली लग्नं, सगळ्यांची प्रत ठरायची. माझा निकाल पहिल्याच महिन्यात लागला: धागा लांब, पण ओलावा जास्त. मला राग आला की डोळ्यांत पाणी येतं, हे त्यांच्या नजरेतून सुटलं नव्हतं. मी रागावले, आणि अर्थातच डोळ्यांत पाणी आलं.

घरातली कोणतीही वस्तू दुरुस्तीला बाहेर द्यायची नाही हा त्यांचा नियम. 'ज्यानं खोललं त्यानं लावावं' हे वाक्य दिवसातून एकदा तरी कानावर पडायचं. खोलणं त्यांना उत्तम जमे. लावताना मात्र दोनचार स्क्रू हमखास उरत. ते लोणच्याच्या बरणीत जमा व्हायचे, आणि विचारलं तर म्हणायचे, कंपनीवाले भित्रे असतात, गरजेपेक्षा जास्त लावून ठेवतात. माझ्या खोलीतला पंखा त्यांनी दुरुस्त केल्यापासून एकाच वेगाने फिरायचा आणि तो वेग पंखा ठरवायचा. न्हाणीघरातला दिवा लावला की दारावरची घंटा वाजे. नव्या पाहुण्याला हे माहीत नसायचं, आणि काकू बिचाऱ्या दार उघडून बाहेर कोण आलं ते बघून यायच्या. विजेच्या कुठल्याही कामाला बसताना काका फवारणीचे रबरी हातमोजे घालत, अगदी टॉर्चचे सेल बदलायचे असले तरी. मी हसले की म्हणायचे, 'करंट लहानमोठा नसते, मॅडम.'

एवढं सगळं असून त्यांच्या घरात मी पाच वर्षं राहिले आणि एकदाही दुसरी खोली शोधली नाही. बिघडलेल्या गोष्टीपुढे हा माणूस कधी तोंड पाडून बसला नाही. 'होते होते, होऊन जाते' असं स्वतःशी पुटपुटत ते पेचकस हातात घ्यायचे, आणि का कोण जाणे, बघणाऱ्यालाही तसंच वाटायला लागायचं.

ती मोटार त्यांनी नागपूरच्या एका डॉक्टरांकडून जुनीच घेतली होती, आणि माझ्या मते केवळ एका गोष्टीसाठी घेतली होती. तिच्या मागच्या चाकावरच्या पत्र्यातून एक अँटेना निघायची. रेडिओ लावला की घूंऽ करत चकचकीत काडी एकेक पेर उलगडत आपोआप वर यायची, बंद केला की तशीच आत जायची. आता तसल्या अँटेना राहिल्या नाहीत. काका ही करामत येईल त्याला दाखवत. सिलिंडरवाला, पोस्टमन, मतं मागायला आलेले उमेदवार, कुणाची सुटका नसे. काडी वर निघाली की काकांची मानही तिच्याबरोबर वर जायची.

काकू बंजारा तांड्यावरच्या. घाटंजीच्या वाटेवर डोंगराच्या खळग्यात त्यांचं माहेर. काका पडले गावातल्या शेतकरी घरातले. लग्न त्यांनी पळून जाऊन केलं नव्हतं, पण कुणाला विचारूनही केलं नव्हतं. झालं होतं असं, की काकूंची आई बैलगाडीत कापूस घेऊन जिनिंगवर आली, सोबत ही मुलगी. काकांनी मूठ दाबली आणि ओलावा जास्त म्हणून माल खालच्या प्रतीत टाकला. मग वर्षभराच्या आत त्याच मुलीशी लग्न केलं. तांड्यावरची माणसं अजून हसत सांगतात, माल नापास केला अन् पोरगी पास केली. आईला मात्र दोन्ही गोष्टी एकदमच लागल्या, आणि त्या दिवसापासून ती जावयाशी बोलली नव्हती.

भांडण नाही, शिवीगाळ नाही. जावई तांड्यावर गेला की म्हातारी त्याला पोटभर वाढायची, भाकरीवर भाकरी टाकायची. पण जे सांगायचं ते मुलीला, बंजाऱ्यांच्या गोरबोलीत, आणि मुलीने ते मराठीत जावयाला, मग जावई हातभर अंतरावर का बसलेला असेना. इतक्या वर्षांत काकांना गोरबोली सगळी समजत होती. तरी तेही काकूंनी मराठीत सांगेपर्यंत मुकाट थांबायचे. मी एकदा हे बघितलं आणि परत येताना मोटारीत त्यांची भरपूर थट्टा केली. ते हसले नाहीत. गियर बदलत म्हणाले, 'माल खरंच वला होता, मॅडम. मी खोटी ग्रेड देली नाई.' त्या आवाजात तक्रार नव्हती, दुखणं होतं. त्यानंतर या एका गोष्टीवरून मी त्यांना कधी चिडवलं नाही.

एका वर्षी, पोळ्याच्या जरा आधी, काकूंना यवतमाळच्या रेडिओ केंद्रावरून गाण्याचं बोलावणं आलं. दिवाळीला तांड्यावरच्या मुली हातात दिवा घेऊन घरोघर ओवाळतात आणि गाणी म्हणतात, त्याला मेरा म्हणतात. ती गाणी काकूंना आईने शिकवलेली. भाकरी थापताना त्या ती गुणगुणत, कुणीतरी ती बचत गटाच्या बैठकीत ऐकली आणि पुढे कळवली. काकू ठेवणीतली साडी नेसून एसटीने गेल्या, दोन गाणी म्हणून आल्या. दिवाळीच्या दिवशी दुपारी ती लागणार होती. परत आल्या त्या थेट माझ्या खोलीत, पाणीसुद्धा न पिता.

'आईले आयकवाचं आहे,' त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, त्यात काय मोठंसं, मी फोनवर भरून घेते, नंतर नेऊन ऐकवू. काकूंनी मान हलवली. त्यांनी आईला हे आधीच विचारलं होतं. आईचं म्हणणं, फोनातलं गाणं आपल्यापुरतं, रेडिओवरचं साऱ्यांनी ऐकलेलं. आपण शिकवलेलं गाणं सारा जिल्हा ऐकत असताना तिला ऐकायचं होतं. पण त्या खळग्यात फोनला रेंज नव्हती आणि छोटे रेडिओ नुसते खरखरत. काकांची मोटार देवळाच्या ओट्यापाशी उभी करून अँटेना पुरी वर गेली, तरच यवतमाळ लागायचं. म्हातारीचं वय इतकं झालेलं, की पुढच्या दिवाळीचं कुणी बोलत नव्हतं. सगळं त्या काडीवर येऊन ठेपलं, आणि काका तर हवेतच होते. जावयाच्या हातून सासूला इतक्या वर्षांत काही द्यायचं तर ते हेच, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं.

आणि मग पोळा आला. काकांच्या मते मोटारीत उणीव एकच होती, तिला शिंग नव्हतं. त्या वर्षी त्यांना युक्ती सुचली. रेडिओ लावून त्यांनी काडी पुरी वर आणली, बैलाच्या शिंगाला लावतात तसा तिला हिंगूळ लावला आणि टोकाखाली लोकरीचा लाल गोंडा घट्ट बांधला. काकू पूजेचं ताट घेऊन आल्या. रेडिओवर कसलीशी जाहिरात चालली होती. ओवाळताना ती बरी वाटेना, म्हणून त्यांनी खिडकीतून हात घालून रेडिओ बंद केला. काडी निघाली खाली, गोंड्यासकट. काका धावले, पण तोवर लोकर नळीत ओढली गेली होती, ओल्या रंगाने पेरं एकमेकांना चिकटली होती. आतली मोटर कण्हत राहिली आणि पोटात काहीतरी कट्‌कन तुटलं.

काकूंच्या हातातली आरती तशीच थांबली. मीच बंद केला, एवढंच त्या म्हणाल्या. काकांनी ताट त्यांच्या हातून घेतलं.

'तू बंद केला, पन गोंडा मी बांधला. ज्यानं बिघडोलं त्यानं नीट करावं.'

मी माझ्या परीने सांगून बघितलं, हायवेवर एवढी गॅरेजं आहेत, एखाद्याला दाखवा. पण ती गॅरेजं ट्रकची, तिथल्यांनी काडी कापून टाकायचा सल्ला दिला, तेव्हापासून काका त्या रस्त्याने जाताना तोंड फिरवू लागले. शेवटी माझ्या फोनवर एक व्हिडिओ सापडला. कुठल्याशा देशातला एक गोरा माणूस अशीच काडी दुरुस्त करत होता. काकांनी तो इतक्या वेळा बघितला, की त्या गोऱ्याचीही प्रत ठरली, माल चांगला, पण बोलतो फार. त्यात कळलं ते असं, की काडीच्या पोटात नायलॉनची एक लांब पट्टी असते, तिला करवतीसारखे दाते. खालची मोटर त्या दात्यांना धरून पट्टी वर ढकलते, म्हणून काडी चढते. आमची पट्टी तुटली होती. नागपूरच्या भंगार बाजारातून तशी काडी पट्टीसकट मिळाली आणि एसटीच्या ड्रायव्हरच्या हाती आली.

अडचण वेगळीच निघाली. या कामाला माणसं दोन लागतात. एकाने मागे पट्टी नळीत सोडून धरायची आणि दुसऱ्याने पुढे बसून रेडिओ बंद करायचा, म्हणजे मोटर ती आत ओढून घेते. काकांना मदत घेणं मान्य नव्हतं. ते पुढे रेडिओ बंद करायचे आणि दुखऱ्या गुडघ्याने मोटारीला वळसा घालून मागे धावायचे. मोटर काही क्षणच फिरते, ते पोचेपर्यंत थांबलेली असे. आठवडाभर हा पळापळीचा खेळ चालला. गल्लीतले लोक चहा घेऊन बघायला उभे राहू लागले. एका संध्याकाळी मला राहवलं नाही. मी खाली जाऊन सांगितलं की आता मी तरी बसते, नाहीतर काकूंना तरी बसवा.

काकू ओट्यावर गवारीच्या शेंगा मोडत होत्या. पोळ्यापासून त्यांनी गुणगुणणं सोडलं होतं, मोटारीजवळूनही जात नव्हत्या. त्या रेडिओला आपण पुन्हा हात लावणार नाही, असं त्यांनी मला सांगितलं होतं. काका त्यांच्यापुढे जाऊन उभे राहिले. रबरी मोजे, कपाळाला ग्रीस.

'तुह्याच हातानं बंद झाला. तुह्याच हातानं चालू होईन. चाल.'

काकू उठल्या. पदराला हात पुसून पुढच्या सीटवर जाऊन बसल्या. ती संध्याकाळ माझ्या डोळ्यांपुढे अजून आहे. मागून काका म्हणायचे बंद, काकू बंद करायच्या. काका म्हणायचे चालू, काकू चालू करायच्या. पहिल्या दिवशी पट्टी आत गेली आणि सगळीच्या सगळी परत बाहेर आली, कारण दात्यांचं तोंड उलट्या बाजूला होतं. मग ती आतच अडकली, कारण जुन्या पट्टीचा तुकडा आणि लाल लोकर काकांनी आतच राहू दिली होती. मोटरचा डबा खोलला, तुकडा निघाला, लोकर निघाली, डबा बंद केला, बरणीत स्क्रूंची भर पडली. दोघं रोज उन्हं उतरली की मोटारीपाशी जायचे आणि मोठ्याने एकमेकांशी बंद-चालू करत बसायचे. काकू मधूनच हसू लागल्या होत्या. मला त्या दोघांचा हेवा वाटला, हे कबूल करायला हरकत नाही.

दिवाळी तोंडावर आली तेव्हा दुरुस्ती इथवर आली होती: काडी अर्धी चढायची. उरलेली हाताने ओढली तर वर यायची, पण हात सोडला की हळूहळू पेंगत खाली बसायची. काकांच्या मते हे काम झाल्यातच जमा होतं. अर्धं ती चढते, अर्धं आपण चढवू.

दिवाळीला दुपारी आम्ही तिघं तांड्यावर पोचलो. मोटार देवळाच्या ओट्यापाशी लागली. घरं सारवून झाली होती, बाया चुन्याने भरलेले हात घेऊन येऊन उभ्या राहिल्या. काकूंची आई बाजेवर बसली होती, मोटारीकडे पाठ करून. आरशांचा घागरा, कोपराच्या वरपर्यंत पांढऱ्या बांगड्या, डोक्यावरून ओढणी. मुलीला तिने गोरबोलीत काही विचारलं. लागेल का, असं ती विचारत होती, काकूंनी मला सांगितलं. मग काकांनाही सांगितलं, आणि काकांनी मान हलवली.

काकूंनी रेडिओ लावला. काडी घूंऽ करत अर्धी चढली आणि थांबली. काकांनी मोजे चढवले, काडी ओढून पुरी वर केली आणि तिला धरून उभे राहिले. खरखर, नुसती खरखर. काकांनी काडी जरा तिरपी केली, जरा फिरवली, ओट्यावर चढून बघितलं. खरखरीच्या आतून बाईचा आवाज आला, काकूंचं नाव ऐकू आलं, आणि गाणं सुरू झालं. सुरू झालं एवढंच कळलं. शब्द एक ऐकू येईना. काकू रेडिओपुढे वाकून बसल्या होत्या, त्यांनी कपाळाला हात लावला. काकांच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. 'होते होते' ते म्हणत होते, पण ओठच नुसते हलत होते.

म्हातारी बाजेवरून उठली. बांगड्या वाजवत मोटारीला वळसा घालून आली, काकांना कोपराने बाजूला सारलं आणि उघड्या हाताने काडी धरली. खरखर गेली. त्यामागचं शास्त्र मला विचारू नका. काकूंचा आवाज भर दुपारी तांड्यावर स्वच्छ निघाला, जसा रोज सकाळी आमच्या स्वयंपाकघरातून यायचा तसाच. चुना लागलेल्या बाया मोटारीजवळ सरकल्या. म्हातारीचे ओठ गाण्याबरोबर चालले होते. एका ठिकाणी तिने नापसंतीने मान हलवली, बहुधा मुलीने चाल बदलली होती. मग पुढच्या ओळीला तिचे डोळे भरले आणि तिने ते पुसले नाहीत, कारण हात मोकळा नव्हता. माझ्या ओलाव्याबद्दल तर बोलायलाच नको.

पहिलं गाणं संपलं. लगेच दुसरं लागलं. म्हातारीचा हात अजून वरच होता. काका शेजारीच उभे होते, मोजे घातलेले हात लोंबकळत, काही करता न येणाऱ्या माणसासारखे. तिने मान वळवून त्यांच्याकडे बघितलं. मुलीकडे नाही, त्यांच्याकडे.

'जवाई,' ती म्हणाली, 'ते मोजे काढा अन् हे धरा. माहा हात भरून आला.'

मराठीत म्हणाली. काकूंनी सवयीने सांगायला तोंड उघडलं होतं, आणि सांगायला काही उरलंच नव्हतं. काकांना मोजे निघेनात. एक दाताने ओढून काढला, दुसरा झटकून टाकला आणि दोन्ही हातांनी काडी धरली. आवाज तसाच स्वच्छ राहिला. म्हातारी हात चोळत बाजेवर जाऊन बसली. दुसरं गाणं तिने मोटारीकडे तोंड करून ऐकलं.

गाणं संपलं, कार्यक्रम संपला. हवामान झालं, बाजारभाव सुरू झाले. बाया आपापल्या घरी दिव्यांची तयारी करायला गेल्या. काकू खाली उतरल्या, पदराने तोंड पुसलं आणि काकांना म्हणाल्या की आता सोडा, झालं सगळं. काका हलले नाहीत. दोन्ही मुठी काडीवर, मान ताठ.

'त्यायनं धरा म्हनलं,' ते म्हणाले. 'सोडा कुठी म्हनलं?'

काकूंनी हसत ते आईला गोरबोलीत सांगितलं, जसं काही तिला कळलंच नव्हतं. म्हातारीने ओढणी तोंडावर ओढून घेतली आणि आतल्या आत खूप वेळ हसली. सोडा मात्र म्हणाली नाही.